उन्हाळ्यात दुभत्या जनावरांची निगा

चैत्र सरत आला की गावोगावच्या दूध संकलन केंद्रांवर एकच तक्रार ऐकू येऊ लागते. माघात दहा लिटर दूध देणारी संकरित गाय सात-आठ लिटरांवर आलेली असते, म्हैस पान्हा सोडण्यास आढेवेढे घेते आणि वैरणीचा खर्च मात्र कमी होत नाही. अशा वेळी पशुपालकाचा हात प्रथम जातो तो पेंडीच्या पोत्याकडे. दूध घटले म्हणजे खुराक अपुरा पडला, असे समजून तो आंबोण वाढवितो. चार दिवसांनी जनावर गव्हाणीतील आंबोण तसेच ठेवून मान खाली घालून उभे राहते आणि आता त्याला काही रोग जडला असावा, अशी शंका घरात निघू लागते.

वस्तुतः येथे कारणांचा क्रम नीट ध्यानात घेतला पाहिजे. अंगातील उष्णता बाहेर पडत नाही म्हणून जनावर खात नाही, आणि ते खात नाही म्हणून दूध घटते. गाईच्या पोटात वैरण आंबते तेव्हा पुष्कळ उष्णता निर्माण होते. दूध तयार होतानाही उष्णता निर्माण होते. जी गाय अधिक खाते व अधिक दूध देते, तिच्या अंगात ही भट्टी अधिक जोराने पेटलेली असते. बाहेरील हवा थंड असेल तर ही उष्णता सहज निघून जाते. वैशाखात तसे होत नाही. मग शरीर आपण होऊन भट्टीतील जळण कमी करते, म्हणजेच खाणे कमी करते. अशा जनावरापुढे अधिक पेंड टाकणे म्हणजे तापलेल्या चुलीत आणखी लाकडे सारणे होय. आधी जनावर थंड करावे, मग त्याला खाऊ घालावे.

खिल्लार, देवणी, लाल कंधारी, डांगी, गवळाऊ या आपल्याकडील गाई ऊन चांगले सोसतात. त्यांची कातडी सैल, गळ्याची पोळी मोठी व घाम गाळण्याची शक्ती अधिक असते. शिवाय दूध बेताचे असल्याने अंगातील उष्णताही बेताचीच असते. होल्स्टीन रक्ताच्या संकरित गाईची गोष्ट वेगळी. तिच्याकडून दूध अधिक घ्यावयाचे असेल तर तिच्या गोठ्याकडेही अधिक लक्ष पुरविले पाहिजे, हे ओघानेच आले. म्हशीचा रंग काळा, अंगावर केस विरळ आणि घर्मग्रंथी गाईच्या मानाने फार थोड्या. त्यामुळे उन्हात ती लवकर तापते. तथापि पाण्यात उतरताच ती तितक्याच लवकर निवते, हा तिचा मोठा गुण आहे. पंढरपुरी, नागपुरी व मराठवाडी म्हशी कडक उन्हाळ्याच्या मुलखातच नांदत आल्या, त्यात डोहांचा व तळ्यांचा वाटा मोठा आहे. डोह आटला की तीच म्हैस गाईहून दीन होते.

उष्णतेचा त्रास केवळ तापमानावरून मोजता येत नाही. हवेतील दमटपणा अधिक असेल तर घाम व धाप यांचा उपयोग कमी होतो. म्हणून जगभर पशुवैज्ञानिक तापमान व आर्द्रता मिळून एक अंक काढतात. कोरड्या व ओल्या तापमापकांवरील सेल्सिअस अंशांची बेरीज करावी, तिला ०.७२ ने गुणावे व त्यात ४०.६ मिळवावे. हा अंक ७२ च्या पुढे गेला की दुधाळ संकरित गाईला त्रास सुरू होतो. फार दुधाळ गाईला त्याच्याही आधी होतो. विदर्भात दुपारी कोरडा तापमापक ४२ अंश व ओला २२ अंश दाखवीत असेल तर अंक येतो सुमारे ८७. कोकणात कोरडा ३४ व ओला २८ असेल तर अंक येतो सुमारे ८५. म्हणजे ज्या कोकणी पशुपालकाला ‘आपल्याकडे एवढे ऊन कोठे आहे?’ असे वाटते, त्याच्या गाईची अवस्था अकोल्याच्या गाईहून फारशी बरी नसते. उपाय मात्र दोहोंकडे एकच चालत नाही. त्याचा विचार पुढे येतोच.

ज्या गावी तापमापक नाही तेथे जनावराचा श्वास हेच साधन पुरेसे आहे. भर दुपारी, सावलीत शांत उभ्या असलेल्या जनावराच्या कुशीकडे पाहावे. कूस एकदा फुगून बसली की एक श्वास झाला. घड्याळ लावून अर्धा मिनिट मोजावे व दुप्पट करावे. मिनिटाला साठाहून अधिक श्वास आढळल्यास जनावर उष्णतेने त्रस्त आहे असे समजावे. ऐंशीच्या पुढे गेल्यास विलंब लावू नये. तोंड उघडे, जीभ बाहेर व लाळ गळते आहे, ही तर फार पुढची पायरी होय, आणि तेव्हा पशुवैद्यकास बोलावणेच उचित. विस्तार कार्यकर्त्यांनी हीच मोजणी पहाटेही करून दाखवावी. दिवसा तापलेले जनावर रात्री निवले तर दुसऱ्या दिवशी बरेच सावरते. पण पहाटेसही श्वास जलद असेल तर रात्र वाया गेली, असे निश्चित समजावे.

रात्र वाया जाण्याचे कारण बहुधा गोठ्यातच सापडते. बुटक्या पत्र्याखाली, तीन बाजूंनी भिंती असलेल्या जागेत जनावरे दावणीला बांधलेली असतात. दिवसभर तापलेल्या भिंती मध्यरात्रीपर्यंत उष्णता ओकत राहतात. उन्हाळ्यात जनावरे रात्री उघड्या आकाशाखाली बांधावीत, हा सल्ला सोपा व बिनखर्चाचा आहे; पण जुन्नर-संगमनेरकडील पशुपालकास तो सांगून भागणार नाही, कारण तेथे उसात बिबट्या आहे. अशा ठिकाणी अंगणाला चोहोबाजूंनी व वरूनही भक्कम जाळी लावून वारा आत येऊ देणे, हाच मार्ग उरतो. नवा गोठा बांधणाऱ्याने त्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी, म्हणजे सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन आत फार शिरत नाही. वळचण उंच असावी. जुन्या पत्र्यावर उसाचे पाचट, तुराट्या किंवा पऱ्हाट्या यांचा जाड थर घालावा; तेवढ्यानेही खालच्या जनावराच्या पाठीवरील ताप कमी होतो. पाचट वाऱ्याने उडू नये व त्यास आग लागू नये, याची दक्षता घेणे अगत्याचे आहे. दारातील निंबाच्या झाडासारखी सावली तर कोणत्याच पत्र्याखाली मिळत नाही. ते झाड तोडून तेथे शेड उभारणारे पशुपालक आढळतात, ही खेदाची गोष्ट होय.

विदर्भ, मराठवाडा व खानदेश येथील कोरड्या हवेत वाऱ्याच्या बाजूस ओले गोणपाट टांगल्यास गोठ्यात चांगला गारवा येतो. कोकणात तेच गोणपाट टांगले तर दमटपणा मात्र वाढेल. तेथे गोठा चोहोबाजूंनी मोकळा ठेवून वारा खेळता ठेवावा आणि वीज असल्यास पंखा लावावा. जनावराच्या अंगावर पाणी मारावयाचे ते कातडीपर्यंत भिजेल असे मारावे, मग वारा लागू द्यावा आणि अंग सुकले की पुन्हा मारावे. नुसते वरवर तुषार उडवून वारा न दिल्यास लाभ थोडाच. कासेवरून पाण्याचे ओघळ धारेच्या वेळी सडांवर येणार नाहीत व खाली चिखल साचणार नाही, हेही पाहावे. नाहीतर उष्णतेपासून वाचलेले दूध कासदाहाने जाते. म्हशीला शक्य असेल तेथे दिवसातून दोनदा डुंबावयास न्यावे, पण भर दुपारी दोन मैल उन्हातून चालवून नेल्यास डुंबण्याचा गुण वाटेतच संपतो.

पाण्याविषयी सर्वाधिक गैरसमज आहे. गाईच्या दुधात शंभरातील सत्त्याऐंशी भाग पाणीच असते. दहा लिटर दूध देणाऱ्या गाईला उन्हाळ्यात ऐंशी लिटरांच्या आसपास पाणी लागते, म्हणजे पंधरा लिटरांच्या पाच बादल्यांहून अधिक. दावणीला बांधलेल्या गाईस सकाळी एकदा व सायंकाळी एकदा पाणी दाखविले जाते. ती तेवढ्यावर भागविते आणि तिचे भागते आहे असे मालकास वाटते. महाराष्ट्रात अलीकडे मुक्त संचार गोठ्याचा प्रसार झाला आहे. त्यात गाईला दाव्याचे बंधन नसते आणि हौद दिवसरात्र भरलेला असतो. तिला हवे तेव्हा ती पिते, हवे तेथे बसते, सावली सरकली की आपणही सरकते. असा गोठा करणे ज्यांना परवडत नाही त्यांनी निदान दावे लांब करून सावलीत पाण्याची टाकी जनावराच्या तोंडाशी ठेवावी. उन्हात तापलेल्या नळाचे पहिले पाणी अंगणातील झाडाला घालावे, गाईला देऊ नये.

वैरण टाकण्याची वेळ बदलणे हा कदाचित सर्वांत स्वस्त उपाय असेल. खाल्ल्यानंतर तीन-चार तासांनी पोटातील उष्णता वाढते. सकाळी नऊ वाजता भरपेट खाल्लेल्या गाईची ही उष्णता नेमकी भर दुपारच्या उन्हास येऊन मिळते. म्हणून दिवसाची बहुतेक वैरण सायंकाळी उशिरा, रात्री व पहाटे द्यावी. कडब्याची कुट्टी करून ती पाण्याने ओलवावी, हिरवा चारा किंवा मुरघास असेल तर तो या दिवसांसाठी राखून ठेवावा, मीठ व खनिज मिश्रण चुकवू नये. आंबोण एकदम न देता दोन-तीन वेळा विभागून द्यावे. धाप व लाळ यांमुळे शरीरातील क्षार निघून जातात व पोटात आम्लता वाढते. त्यासाठी खाण्याचा सोडा उपयोगी पडतो, मात्र त्याचे प्रमाण पशुवैद्यकास विचारून ठरवावे. पाण्याच्या ताणाने कोमेजलेल्या कोवळ्या ज्वारीचे फुटवे जनावरांना कधीही खाऊ घालू नयेत. त्यांतील विषाने घटकेत जनावर दगावते.

येथवर दुधाचे झाले. पण उन्हाळ्यातील जी हानी संकलन केंद्राच्या काट्यावर दिसत नाही, ती याहून मोठी आहे. म्हैस या दिवसांत माजावर येते, परंतु मुका माज दाखविते. ती रेकत नाही, अस्वस्थ होत नाही. थोडीबहुत खूण दिसलीच तर रात्री किंवा पहाटे दिसते. मालक दिवसा पाहतो आणि म्हैस गाभण राहत नाही म्हणून निराश होतो. एक माज चुकला म्हणजे एकवीस दिवस गेले. उन्हाळाभर रात्री झोपण्यापूर्वी व पहाटे धारेपूर्वी गोठ्यात एक फेरी मारून शेपटीखाली सोट दिसतो का हे पाहण्याची सवय घरातील कोणीतरी लावून घ्यावी. सकाळी माज दिसल्यास सायंकाळी व सायंकाळी दिसल्यास दुसऱ्या सकाळी कृत्रिम रेतन करून घ्यावे. रेतनानंतरचे काही दिवस जनावरास विशेष जपावे, कारण गर्भ अगदी कोवळा असताना उष्णतेने तो नष्ट होण्याचा संभव अधिक असतो.

दुसरी हानी आटलेल्या गाभण जनावराची. ते दूध देत नाही म्हणून सावलीची चांगली जागा दुभत्यांना जाते आणि त्याच्या वाट्यास पश्चिमेकडील तापणारा कोपरा व गव्हाणीतील उरलेला कडबा येतो. अमेरिकेतील फ्लोरिडा विद्यापीठात होल्स्टीन गाईंवर झालेल्या प्रयोगांत असे आढळले की, विण्यापूर्वीच्या आटीव काळात ज्या गाईंना सावलीबरोबरच पंखे व पाण्याचे फवारे मिळाले, त्यांनी विल्यानंतर केवळ सावलीत ठेवलेल्या गाईंपेक्षा दिवसाला काही लिटर अधिक दूध दिले. उष्णता सोसलेल्या गाईंची वासरे वजनाने हलकी जन्मली, चिकातील रोगप्रतिकारक द्रव्ये त्यांच्या अंगी कमी लागली, आणि त्या कालवडी पुढे दुभत्या झाल्या तेव्हा त्यांचे दूधही कमी भरले. गर्भात सोसलेल्या उन्हाची किंमत कालवड पहिल्या वेतात मोजते. यास्तव विण्यास दोन महिने उरले असता ते जनावर गोठ्यातील सर्वांत गार जागी हलवावे, मग ती जागा दुधाळ गाईची का असेना.

मृगाचा पहिला पाऊस पडताच पाचट काढून टाकण्याची व पंखा बंद करण्याची घाई होते. पावसाच्या दोन सरींमधल्या उघडिपीत कोरडा तापमापक ३२ व ओला २७ दाखवितो, तेव्हाही अंक ८३ च्या आसपासच असतो. फरक इतकाच की, आता हवा ओली झाल्याने अंगावर पाणी मारण्याचा गुण उतरतो व वाऱ्याचा वाढतो. त्या आठवड्यांत गोणपाट काढून ठेवावे, गोठ्याच्या बाजू मोकळ्या कराव्यात, पंखा चालू ठेवावा आणि दुपारची श्वासांची मोजणी पाऊस चांगला स्थिरावेपर्यंत सुरू ठेवावी. आश्विनातील उकाड्यात ती पुन्हा हाती घ्यावी लागते.