दगडावरचे मैल आणि पडद्यावरचे किलोमीटर

नागपूरच्या विधानभवनाजवळ, चार घोड्यांच्या सोबतीने उभा असलेला जो वालुकाश्माचा स्तंभ ‘झीरो माइल’ या नावाने सर्वश्रुत आहे, तो भारताचा मध्यबिंदू असून इंग्रजी अमदानीत साऱ्या मुलखाची अंतरे तेथूनच मोजली जात, अशी समजूत लोकांत रूढ आहे. समजुती दीर्घायुषी असतात, त्यांच्याशी हुज्जत घालण्यात हशील नाही. परंतु सर्वेक्षण खात्याने 1907 साली तेथे केलेली खूण अंतराची नसून उंचीची आहे, समुद्रसपाटीपासून 1020.171 फूट, एवढे नमूद करून ठेवलेले बरे. अंतरे आहेत ती स्तंभाच्या अंगावर कोरलेली: हैदराबाद 318 मैल, जबलपूर 170 मैल, शिवनी 79 मैल, आणि अशीच आणखी काही गावे.

आता हातातील फोनवर कोणतीही नकाशासेवा उघडावी आणि या स्तंभाच्या जागेवर बोट क्षणभर दाबून धरावे, म्हणजे तेथे एक खूण उमटते आणि तिच्यासोबत दोन दशांश संख्या दिसतात, साधारणतः 21.15 आणि 79.08, पैकी पहिली अक्षांशाची, दुसरी रेखांशाची. हीच क्रिया हैदराबादेच्या चारमिनारवर केली तर 17.36 आणि 78.47 हे आकडे हाती येतात. या दोन बिंदूंमधील अंतर मोजण्याची सोय त्याच नकाशात असते, आणि ती वापरली असता उत्तर येते सुमारे 424 किलोमीटर, म्हणजे जुन्या हिशेबाने 264 मैल. दगड सांगतो 318, पडदा सांगतो 264. मधली तफावत 54 मैलांची, आणि तरीही या दोघांपैकी कोणीही चुकलेला नाही, कारण एकाने गाडीरस्त्याची लांबी सांगितली आहे आणि दुसऱ्याने डोंगर, नद्या, जंगले यांची दखलही न घेता पृथ्वीच्या पाठीवरून ताणलेल्या सरळ रेषेची.

पडद्यावरील आकड्याची पडताळणी कागद-पेन्सिलीने करता येते, आणि ती एकदा प्रत्येकाने करून पाहावी असे मला वाटते, कारण त्यावाचून हे आकडे देववाणीसारखे वाटू लागतात. दोन ठिकाणांच्या अक्षांशांतील फरक 3.79 अंश आहे. आपल्या भागात अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे 110.7 किलोमीटर, तेव्हा दक्षिणोत्तर अंतर झाले 419.6 किलोमीटर. रेखांशांतील फरक 0.61 अंशाचा, रेखांशाचा अंश मात्र विषुववृत्तावर 111.32 किलोमीटरांचा असून ध्रुवाकडे जाता जाता आकसत शून्यावर येतो, आणि तो किती आकसला हे त्या अक्षांशाच्या कोज्येवरून, म्हणजे कोसाइनवरून, समजते. नागपूर व हैदराबाद यांच्या मधल्या, म्हणजे सव्वाएकोणीस अंशांच्या सुमारास कोज्येचे मूल्य 0.944 आहे, त्याने गुणिले असता अंश 105.1 किलोमीटरांचा होतो आणि पूर्व-पश्चिम अंतर 64 किलोमीटर भरते. आता काटकोन त्रिकोणाच्या कर्णाचा शाळेत शिकलेला नियम लावावा: उत्तर 424 किलोमीटर. कोट्यवधी रुपयांच्या उपग्रहांनी आणि सातवीच्या भूमितीने एकच साक्ष द्यावी, यात मला तरी मोठी मौज वाटते.

अंतरे मोठी झाली की ही सपाट भूमिती अपुरी पडते. मुंबईहून न्यूयॉर्कला जाणारे विमान कागदी नकाशावरील सरळ रेषेने न जाता उत्तरेकडे मोठे वळण घेऊन का जाते, असा प्रश्न पुष्कळांना पडतो. वस्तुतः गोलावरील सर्वांत जवळचा मार्ग तो वळणाचाच असतो, आणि वळण दिसते ते नकाशा सपाट केल्याचा परिणाम म्हणून. अशा अंतरांसाठी नाविकांनी हॅव्हर्साइन नावाचे जे सूत्र एकोणिसाव्या शतकात रूढ केले तेच आजही असंख्य संगणकप्रणालींच्या पोटात चालू आहे. त्यात वापरलेली राशी म्हणजे उत्क्रमज्येचा, म्हणजे एकातून कोज्या वजा करून उरणाऱ्या राशीचा, अर्धा भाग होय, आणि उत्क्रमज्यांचे कोष्टक आपल्या सूर्यसिद्धान्तात दिलेले आहे. सूत्रात पृथ्वीची सरासरी त्रिज्या 6371 किलोमीटर धरतात. परंतु पृथ्वी ध्रुवांकडे चपटी असल्यामुळे विषुववृत्तीय त्रिज्या ध्रुवीय त्रिज्येपेक्षा सुमारे 21 किलोमीटरांनी अधिक आहे, म्हणून ज्यांना मिलिमीटरांपर्यंत नेमकेपणा हवा असतो ते 1975 साली थॅडिअस व्हिन्सेंटी यांनी प्रसिद्ध केलेल्या किंवा त्याहून अलीकडच्या रीतींनी लंबगोलावर गणित करतात.

रस्त्याच्या अंतराची कथा निराळी, आणि माझ्या मते अधिक रंजक. नकाशासेवेच्या दफ्तरात रस्ता हा रस्ता म्हणून नसतो. चौक, तिठे, फाटे हे बिंदू आणि त्यांना जोडणारे तुकडे, प्रत्येक तुकड्यावर त्याची लांबी आणि तो ओलांडण्यास लागणारा वेळ, असे एक अवाढव्य जाळे तेथे नोंदलेले असते. नागपूरहून हैदराबादेस निघालेल्या प्रवाशाला बुटीबोरीस वर्ध्याचा फाटा लागतो, पुढे जाम येथे चंद्रपूरचा लागतो. गणित करणारे यंत्र अशा प्रत्येक फाट्यावर दोन्हीकडे पाहते, आरंभापासून आजवर ज्या बिंदूपर्यंतचा खर्च सर्वांत कमी आहे तो बिंदू कायम करते, त्याच्या शेजाऱ्यांचे आकडे सुधारते, आणि मग उरलेल्यांतून पुन्हा सर्वांत कमी खर्चाचा बिंदू निवडते, असे करीत करीत मुक्कामाचे ठिकाण कायम होईपर्यंत पुढे जाते. एट्सखेर डाइक्स्ट्रा या डच गणितज्ञाने ही रीत 1956 साली आम्सटरडॅममधील एका कॅफेत, भावी पत्नीसोबत कॉफी घेत बसले असता, कागदपेन्सिलीवाचून सुमारे वीस मिनिटांत योजिली असे त्यांनीच पुढे सांगितले आहे. रॉटरडॅमहून ग्रोनिंगेनला कमीत कमी अंतराने कसे जावे, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. 1959 साली तो लेख छापून आला तेव्हा त्याची पृष्ठे तीनच भरली.

ही रीत अचूक खरी, पण काहीशी भोळी. नागपूरहून दक्षिणेस जायचे असताना ती उत्तरेकडे जबलपूरच्या दिशेनेही तितक्याच इमानाने चौकशी करीत राहते. 1968 साली कॅलिफोर्नियातील तीन संशोधकांनी तिच्यात एक सुधारणा केली, आणि येथे पडद्यावरचे ते हवाई अंतर पुन्हा उपयोगी पडते. रस्ता कितीही चांगला असो, तो सरळ रेषेपेक्षा आखूड असूच शकत नाही; तेव्हा एखाद्या बिंदूपासून हैदराबादचे हवाई अंतर हा उरलेल्या प्रवासाचा खात्रीचा किमान अंदाज होय, आणि आजवरच्या खर्चात तो मिळवून बिंदूंची निवड केली की उत्तरेकडची निष्फळ चौकशी आपोआप मागे पडते. त्यानंतर, विशेषतः 2008 च्या सुमारास जर्मनीतील कार्ल्सरूह येथे, महत्त्वाच्या चौकांमधील आडवाटा आधीच हिशेब करून ठेवण्याच्या युक्त्या निघाल्या, आणि देश ओलांडून जाणारा मार्ग डोळ्याचे पाते लवते न लवते तोच मिळू लागला.

मात्र असे मिळणारे ‘अंतर’ हे पुष्कळदा सर्वांत कमी अंतर नसून सर्वांत कमी वेळेच्या वाटेचे अंतर असते, आणि वेळ ही रस्त्यावरील इतर फोनांच्या हालचालींवरून ठरविली जात असल्यामुळे सकाळचा आकडा संध्याकाळी बदलू शकतो. प्रवासभत्त्याच्या बिलास असा कागद जोडणाऱ्याने ही बाब ध्यानात ठेवावी. जाळेही बदलत असते. 12 जानेवारी 2024 रोजी शिवडी ते न्हावाशेवा या 21.8 किलोमीटरांच्या सागरी सेतूचे उद्घाटन झाले आणि मुंबईहून अलिबागचे रस्त्याचे अंतर एका दिवसात घटले, वस्तुतः दोन्ही गावे आपल्या जागेवरून तसूभरही हलली नव्हती.

निदान तसे आपण मानतो. खरी गोष्ट अशी की भारतीय भूखंड दरसाल सुमारे पाच सेंटिमीटर ईशान्येकडे सरकत आहे, आणि वीस वर्षांत ही सरक एक मीटर भरते. म्हणून नेमकेपणाचा ध्यास असलेले मोजणीदार अक्षांश-रेखांशांसोबत ते कोणत्या सालचे, हेही लिहून ठेवतात. याहून मोठी भानगड आहे ती मूळ आधाराची. विल्यम लॅम्टनने 1802 साली मद्रासजवळ पहिली आधाररेषा मोजून ज्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा पाया घातला आणि जॉर्ज एव्हरेस्टने ज्याला आकार दिला, त्याचे गणित मध्य भारतातील सिरोंजजवळच्या कल्याणपूर या ठिकाणाला प्रमाण मानून, एव्हरेस्टच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लंबगोलावर केलेले होते. तो लंबगोल या उपखंडाच्या अंगाला नेमका बसावा असा बेतलेला असल्यामुळे त्याचे केंद्र पृथ्वीच्या खऱ्या केंद्रापासून कित्येकशे मीटर दूर पडले. आजचे उपग्रह पृथ्वीच्या केंद्राभोवती फिरतात आणि आकडे देतात ते डब्ल्यूजीएस-84 नावाच्या निराळ्या लंबगोलावरचे. परिणामी जुन्या सरकारी नकाशावरून उतरवून घेतलेले अक्षांश-रेखांश जसेच्या तसे फोनात भरले तर खूण शे-दोनशे मीटर बाजूला पडते, आणि विहीर शेजाऱ्याच्या शेतात जाते.

प्रत्यक्ष ग्रिनिचची कथाही अशीच आहे. वेधशाळेच्या अंगणातील धातूच्या रेघेवर, पूर्व गोलार्धात एक पाय आणि पश्चिम गोलार्धात दुसरा ठेवून उभ्या राहिलेल्या प्रवाशाने फोन पाहिला तर रेखांश शून्य दिसत नाही. उपग्रहांची शून्यरेषा तेथून सुमारे 102 मीटर पूर्वेला जाते. जुन्या ज्योतिर्विदांनी स्थानिक ओळंब्याला प्रमाण मानले होते आणि ओळंबा भूगर्भातील कमीजास्त वस्तुमानामुळे किंचित कलतो, हे त्याचे कारण. आपले सिद्धान्तकार शून्यरेषा उज्जयिनीवरून नेत असत. शून्य कोठे मांडायचे ते माणसाने ठरवायचे असते, निसर्गाची त्याबाबत काहीच अट नाही.

दशांशचिन्हापुढील आकड्यांविषयीही येथेच सांगतो. तिसरा आकडा सुमारे 110 मीटरांचा भेद दाखवितो, पाचवा सव्वा मीटरहून कमी भेद, आणि सहावा अकरा सेंटिमीटरांचा. उघड्या आकाशाखाली साध्या फोनची चूक काही मीटरांची असते, म्हणून त्याने दाखविलेल्या सातव्या-आठव्या आकड्याला सजावटीहून अधिक किंमत देऊ नये.

आता अखेरचा भाग, ज्याच्याशी सामान्य माणसाचा प्रत्यक्ष संबंध येतो: पत्त्यावरून बिंदू शोधणे. आपल्याकडे जमिनीची ओळख पटविण्याची रीत पूर्वापार शब्दांची आहे. खरेदीखतात ‘मौजे अमुक, तालुका अमुक, गट नंबर अमुक’ असे लिहून खाली चतुःसीमा देतात: पूर्वेस कोणाचे शेत, पश्चिमेस ओढा, दक्षिणेस गाडीवाट, उत्तरेस गावठाण. मोजणीखात्याची 33 फुटी साखळी आणि त्या साखळीचा चौरस म्हणजे गुंठा, या हिशेबाने क्षेत्र बिनचूक लिहिले जाई. जागा मात्र शेजाऱ्यांच्या नावांवर टांगलेली असे, आणि शेजारी बदलला की दस्तऐवजाचा अर्थ लावायला तलाठ्याचे दप्तर उघडावे लागे. शहरातील पत्ता याहून फारसा निराळा नाही. ‘मारुतीच्या देवळामागे, पिठाच्या गिरणीवर’ एवढ्यावर पोस्टमन घर शोधतो, यंत्र गोंधळते. डाक खात्यातील श्रीराम भिकाजी वेलणकर या संस्कृतज्ञ अधिकाऱ्याने योजिलेला सहा आकडी पिनकोड 15 ऑगस्ट 1972 पासून चालू झाला आणि टपालाची वाटणी सुकर झाली, पण पिन टपालकचेरीचा प्रदेश दाखवितो, दरवाजा दाखवीत नाही. त्याच खात्याने 2025 साली पुढे आणलेला ‘डिजिपिन’ सारा देश सुमारे चार मीटर लांबी-रुंदीच्या चौकटींत विभागून प्रत्येक चौकटीला दहा अक्षरी खूण देतो. ती खूण अक्षांश-रेखांशांवरूनच गणिताने निघते.

तूर्त बहुसंख्य लोक नकाशाच्या शोधपेटीत पत्ता लिहितात, आणि तेथे फसगत होते ती अशी: यंत्राला घर नेमके सापडले नाही तर ते निमूटपणे गल्लीचा, गल्ली सापडली नाही तर पेठेचा किंवा गावाचा मध्य काढून तेथे खूण रोवते, आणि ती खूण खरोखरच्या खुणेइतकीच आत्मविश्वासाने उभी असते. सहलीच्या वेळी याने फारसे बिघडत नाही. परंतु महाराष्ट्रात शिक्षणहक्क कायद्याखालील 25 टक्के राखीव जागांसाठी ऑनलाइन अर्ज करताना पालकांना घराचे ठिकाण नकाशावर दाखवावे लागते, त्यावरून शाळेचे अंतर काढले जाते, आणि एक किलोमीटरच्या आतील मुलांचा विचार आधी, त्यापुढील तीन किलोमीटरपर्यंतच्यांचा नंतर, असा क्रम लागतो. शोधपेटीने टाकलेली खूण तशीच ठेवून अर्ज पुढे ढकलला तर 900 मीटरांवरील घर 1100 मीटरांवर जाऊ शकते, किंवा उलट घडून मिळालेला प्रवेश कागदपत्रांच्या पडताळणीत अडचणीत येऊ शकतो. म्हणून अर्ज भरणाऱ्यांच्या भाषेत ज्याला ‘बलून’ म्हणतात तो बोटाने सरकवून, उपग्रहचित्रात आपले छप्पर ओळखून, त्यावरच ठेवावा, आणि आलेले अक्षांश-रेखांश कागदावर टिपून अर्जाच्या प्रतीसोबत जपून ठेवावेत.