सुजेमागचं हाड

डोळ्याची खोबण सात हाडांची. कड दणकट, पण तळ आणि नाकाकडची भिंत कागदासारखी पातळ. १९५७ साली अमेरिकेत स्मिथ आणि रेगन या डॉक्टरांनी मृतदेहाच्या मिटल्या डोळ्यावर हर्लिंग या खेळातला चेंडू ठेवून वर हातोडा हाणला. कड शाबूत राहिली, तळ फुटला. दाबाला अशी वाट मिळते म्हणून डोळ्याचा गोळा अनेकदा बचावतो.

त्यानंतर बरीच वर्षं तळ फुटला की शस्त्रक्रिया, असाच खाक्या होता. नुसतं लक्ष ठेवलं तरी बरेच रुग्ण सुधारतात, असं १९७४ मध्ये पटरमन यांनी मांडलं. आज सीटी स्कॅन पाहून माणसागणिक ठरवतात.

आपल्याकडे या दुखापतीत दुचाकीवरून पडलेले तरुण सर्वांत जास्त, मारामारीतलेही असतात. मुंबई-आग्रा महामार्ग ज्याच्या पोटातून जातो, त्या नाशिकला हे वेगळं सांगायला नको. १५ ऑगस्ट २०२१ पासून शहर पोलिसांनी ‘नो हेल्मेट, नो पेट्रोल’ मोहीम राबवली. पेट्रोलपुरतं डोक्यावर चढलेलं हाफ हेल्मेट कवटी सांभाळेलही. गाल आणि खोबण मात्र उघडीच.

सिव्हिल हॉस्पिटलमध्ये एमएलसीची (मेडिको-लीगल केसची) नोंद होते, भुवईला टाके पडतात, आणि ‘सूज उतरली की बरं वाटेल’ म्हणत माणूस घरी जातो. पण सुजेनेच खरं दुखणं झाकलेलं असतं. ती उतरल्यावर डोळा आत गेलेला दिसतो, जिना उतरताना एका पायरीच्या दोन दिसतात. गाल आणि वरचा ओठ बधिर, दाढी करताना ब्लेड लागलेलं कळत नाही. कुणी नाक शिंकरतो आणि पापणी टम्म फुगते, दाबली तर आत हवा चुरचुरते. म्हणून नाक शिंकरू नका, हे केसपेपरवर ठळक लिहून द्यावं, असं मला वाटतं.

मुलांचं गणित उलटं. त्यांचं हाड लवचीक. वाकतं, चिरतं आणि पुन्हा मिटतं. त्या फटीत स्नायू अडकतो. डोळा पांढराशुभ्र, सूज नावाला. मूल उलट्या करतं, नाडी मंदावते, आणि सगळे डोक्याला मार लागलाय म्हणून मेंदूच्या मागे लागतात. वर बघ म्हटलं तर एक डोळा जागचा हलत नाही, ही खूण. मोठ्यांत दोनेक आठवडे थांबता येतं. इथे स्नायू एक-दोन दिवसांत सोडवावा लागतो, नाहीतर तो आखडतो आणि दोन दोन दिसणं कायमचं मागे लागू शकतं.