दिवाभीत, पिंगळा आणि गव्हाणी : नावांतून दिसणारे घुबड



'दिवाभीत' हा शब्द तुम्हाला परिचित असेल. दिवसाला भिणारा तो दिवाभीत, म्हणजे घुबड. पुढे लक्षणेने हा शब्द चारचौघांत येण्यास कचरणाऱ्या माणसालाही लावला जाऊ लागला. शब्दाची फोड सोपी आहे. परंतु त्यात दडलेले विधान खरे आहे काय?

प्रथम 'गव्हाणी घुबड' हे नाव पाहा. गव्हाण म्हणजे गोठ्यात गुरांना चारा टाकण्याची जागा. जेथे धान्य व चारा, तेथे उंदीर. आणि जेथे उंदीर, तेथे हा पक्षी. त्याचा पांढरा, पसरट चेहरा आवाज कानांकडे वळवतो. दोन्ही कान समान पातळीवर नसल्यामुळे अंधारातही केवळ खसखशीवरून त्याला भक्ष्याची नेमकी जागा कळते. हा पक्षी काड्यांचे घरटे बांधत नाही. भिंतीतील कोनाडा किंवा झाडाची ढोली त्याला पुरते. मादी साधारणतः चार ते सात अंडी एकेक दिवसाआड घालते. मात्र पहिल्या अंड्यापासूनच ती उबवू लागते आणि नर तिला अन्न आणून देतो. महिन्याभराने पिल्लेही त्याच क्रमाने बाहेर येतात. त्यामुळे एकाच घरट्यात थोरल्या-धाकट्यांची उतरंड दिसते. उंदीर कमी पडले, तर बहुधा सर्वांत धाकटे पिल्लू दगावते. तथापि थोरली पिल्ले आपला घास धाकट्यांना देतात, हेही अभ्यासकांनी नोंदवले आहे. 'घुबडासारखा' हे विशेषण वापरताना एवढे आठवावे.

'पिंगळा' हे नाव पिंगट रंगावरून आलेले. तिन्हीसांजेला जुन्या आंब्याच्या ढोलीजवळ कलकलाट करणारी ही लहानखुरी जोडी तुम्ही पाहिली असेल. पहाटे दारी येऊन भविष्य सांगणाऱ्या भिक्षेकऱ्यालाही आपण पिंगळाच म्हणतो. संत एकनाथांच्या भारुडांत तो भेटतो. पक्ष्याची बोली जाणणारा तो पिंगळा, अशी लोकसमजूत आहे. म्हणजे ज्याचा आवाज अशुभ मानला, त्याच्याच नावाने शुभवर्तमान सांगणारा दारी येतो!

आता 'रानपिंगळा'. १८७३ मध्ये ह्यूम यांनी या पक्ष्याचे शास्त्रीय वर्णन केले आणि १८८४ नंतर तो दिसेनासा झाला. रिचर्ड माइनर्ट्‌झहागन यांच्या संग्रहात मात्र १९१४ साली गुजरातेत मिळवल्याची चिठ्ठी असलेला एक नमुना होता. पामेला रासमुसेन यांनी तो नमुना तपासला तेव्हा तो खानदेशातील जुनाच, चोरून नवी चिठ्ठी लावलेला असल्याचे उघड झाले. खोटी नोंद बाजूला पडताच खऱ्या नोंदींतील गावे उरली, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ, तेव्हाच्या धुळे व आताच्या नंदुरबार जिल्ह्यात, रानपिंगळा पुन्हा सापडला. पाठसंशोधनात हस्तलिखिताचा काळ ठरवताना आपण जी दक्षता घेतो, तीच येथे उपयोगी पडली. विशेष म्हणजे हा पक्षी दिवसाउजेडी वावरतो, शिकार करतो. 'दिवाभीत' हा शब्द त्याच्यापुरता सपशेल चुकला आहे.

आमच्या आजोळच्या वाड्यात कोनाड्यातून रात्री फूत्कार येत. 'भूत आहे' म्हणून तो कोनाडा चिखलाने लिंपला गेला. आत पिल्ले होती, हे मला पुष्कळ वर्षांनी उमगले. अंडे घातल्यापासून पिल्लू उडेपर्यंत सुमारे तीन महिने जातात. डागडुजी तेवढी थांबू शकते. शिवाय वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार घुबडांना मारणे किंवा पकडणे हा गुन्हा आहे.

उपक्रम : तुमच्या बोलीत घुबडाला कोणकोणती नावे आहेत? घरातील वडीलधाऱ्यांना विचारून ती लिहा, आणि प्रत्येक नाव रंगावरून, आवाजावरून, वसतिस्थानावरून की भीतीवरून पडले आहे, हे त्यापुढे नोंदवा.