चष्म्याचा नंबर लेन्सला चालेलच असं नाही!

डोलवीत नोकरी लागते. पोलादाच्या कारखान्यात शिफ्ट ड्युटी. पहिला पगार झाला की यादी तयारच असते : नवा मोबाइल, बाइकचा हप्ता आणि चष्मेवाल्यांसाठी कॉन्टॅक्ट लेन्स. मित्राच्या लग्नात फोटो भारी यायला हवेत ना! मग रात्री रूमवर पडल्या पडल्या ॲप उघडायचं, चष्म्याच्या कागदावरचा नंबर टाकायचा आणि ऑर्डर मारायची.

थांबा. इथेच घोळ होतो.

चष्म्याची काच डोळ्यापासून साधारण १२ मिलिमीटर लांब असते. लेन्स थेट बुबुळावर बसते. त्यामुळे नंबर ४ च्या पुढे गेला की दोन्हींचा आकडा वेगळा येतो. चष्मा उणे ६ चा असेल, तर लेन्स साधारण उणे साडेपाचची लागते. अधिक नंबरवाल्यांचं उलटं, त्यांचा आकडा वाढतो. शिवाय लेन्सच्या चिठ्ठीवर असेही आकडे असतात, जे चष्म्याच्या कागदावर नसतातच.

तर चिठ्ठी वाचू या.

ओडी, ओएस : ओडी म्हणजे उजवा डोळा, ओएस म्हणजे डावा. दोन्ही नंबर वेगळे असतील तर लेन्सची अदलाबदल होऊ देऊ नका.

पॉवर किंवा एसपीएच : हा मुख्य नंबर. उणे चिन्ह असेल तर लांबचं धूसर दिसतं. ऑर्डर देताना चिन्ह दोनदा तपासा.

बीसी : बेस कर्व्ह, म्हणजे लेन्सच्या आतल्या बाजूची गोलाई. सॉफ्ट लेन्समध्ये ती बहुतेकदा साडेआठ मिलिमीटरच्या आसपास असते. लेन्स घट्ट बसली तर डोळा लाल होतो. सैल असेल तर पापणी मिटली की सरकते.

डीआयए : लेन्सची रुंदी. सॉफ्ट लेन्सची साधारण १४ मिलिमीटर.

सीवायएल, ॲक्सिस : सिलिंडरचा नंबर असेल तरच हे दोन आकडे येतात. ॲक्सिस म्हणजे कोन, १८० पर्यंत. यासाठी टोरिक लेन्स लागते.

शेवटी लेन्सचा ब्रँड आणि मुदत : रोजची, पंधरा दिवसांची की महिन्याची. महिन्याची लेन्स पाकीट फोडल्यापासून महिनाभरच चालते. ‘मी तर दहाच वेळा घातली’ हा हिशेब इथे चालत नाही.

बीसी आणि डीआयए डॉक्टर किंवा ऑप्टोमेट्रिस्ट लेन्स डोळ्यात घालून बघतात, तेव्हाच पक्के होतात. म्हणून पेणला किंवा अलिबागला एक फेरी मारा, तपासून घ्या आणि लेन्सची वेगळी चिठ्ठी मागून घ्या. मोबाइलमध्ये तिचा फोटो ठेवा.

आणि हो, लेन्स नळाच्या पाण्याने धुवायची नाही. किहीमच्या समुद्रात उतरण्याआधी काढायची. नाइट शिफ्टवरून आल्यावर तशीच घालून झोपायचं नाही. प्लांटमध्ये लेन्स असली तरी सेफ्टी गॉगल हवाच. डोळा लाल झाला, दुखला किंवा अंधूक दिसलं तर लेन्स लगेच काढा आणि चिठ्ठी घेऊन डॉक्टरांकडे जा.

फोटो चष्म्यातही छान येतात. डोळे मात्र दोनच आहेत.