‘ला योरोना’: रडणाऱ्या आदिवासी आईची साक्ष

भयपटांत आदिवासी दिसतात ते बहुधा जादूटोणा करणारे किंवा सुरुवातीलाच बळी जाणारे. म्हणूनच ग्वाटेमालाचा ‘ला योरोना’ (२०१९) आम्हाला महत्त्वाचा वाटतो.

लॅटिन अमेरिकेच्या लोककथेत ला योरोना ही स्वतःची मुले बुडवून रडत फिरणारी बाई आहे. दिग्दर्शक हायरो बुस्तामांते यांनी हा दोष आईवरून काढून लष्करावर ठेवला. चित्रपटात आल्माची मुले सैनिक बुडवतात आणि ती त्याच जनरलच्या घरी मोलकरीण म्हणून येते. आल्माची भूमिका माया समाजातील मारिया मर्सेडेस कोरॉय यांनी केली आहे.

हा कल्पित जनरल हुकूमशहा एफ्राइन रिओस माँटवर बेतलेला आहे. इशिल माया आदिवासींच्या नरसंहाराबद्दल त्याला १० मे २०१३ रोजी ८० वर्षांची शिक्षा झाली; दहाच दिवसांत घटनात्मक न्यायालयाने निकाल रद्द केला.

चित्रपटात जनरलची पत्नी इशिल स्त्रियांची साक्ष खोटी ठरवते. पुढे स्वप्नांत ती स्वतःच त्या आईच्या जागी असते, तेव्हा तिला सत्य कळते. दुसऱ्याचे दुःख असे आपले होणे, यालाच आपण करुणा म्हणतो. पडद्यावर आदिवासी चेहरे किती, एवढेच मोजून भागणार नाही. त्यांचे म्हणणे खरे मानले जाते का, हेही आपण विचारले पाहिजे.