धुळीच्या कणाचा दरारा
हॅम्बुर्गच्या ‘युरोपियन एक्स्फेल’ या क्ष-किरण लेसर यंत्राच्या सुमारे १.७ किलोमीटर लांबीच्या त्वरकात नायोबियम धातूच्या ज्या शेकडो पोकळ्या उणे २७१ अंश सेल्सियसला गारठवून ठेविल्या आहेत, त्यांच्या अंतर्भागी डोळ्यांस न दिसणारा एखादा रजःकण जरी राहिला, तरी प्रबळ विद्युत्क्षेत्रात तो इलेक्ट्रॉन ओकू लागतो आणि पोकळीची सारी मातबरी खालावते. म्हणून फ्रान्समधील सॅक्ले येथे आठ-आठ पोकळ्यांची माळ क्लीनरूममध्ये जुळविताना नखशिखान्त झाकलेला कारागीर प्रत्येक बोल्टवर आयनीभूत नायट्रोजनचा झोत सोडी, हवेतील कण मोजणाऱ्या यंत्राचा आकडा शून्याच्या आसपास येईतो थांबे आणि मगच, सोवळ्यातल्या आजीलाही लाजवील अशा जपणुकीने, पाना फिरवी. घाई तेथे वर्ज्य. भरभर हललेला हातच धूळ उडवितो.