झाडू कुणाच्या हातात

२००३च्या जूनमध्ये मी तालुक्याच्या गावातल्या एका अनुदानित शाळेत रुजू झाले. पहिल्याच दिवशी ऑफिसात साने गुरुजींची तसबीर दिसली आणि आपण योग्य जागी आलो असं वाटलं. तसबिरीखालच्या कपाटात छडी होती, हे आठवडाभरानं कळलं.

मुलांनी कुणाला घाबरून शिकू नये, एवढा एकच आग्रह घेऊन मी या पेशात आले. लीलाताई पाटलांनी १९८५ साली कोल्हापुरात सृजन आनंद विद्यालय सुरू केलं, त्याविषयी डी.एड.ला असताना वाचलं होतं. तसं काही आपल्याकडेही होईल, अशी आशा होती.

१ एप्रिल २०१० रोजी शिक्षण हक्क कायदा लागू झाला. त्याच्या १७व्या कलमानं शारीरिक शिक्षेवर आणि मानसिक छळावरही बंदी आली. छडी खरोखरच गेली. उशिरा येणाऱ्यांना परिपाठ संपेपर्यंत फाटकाबाहेर उभं करणं मात्र चालूच राहिलं. माझ्या वर्गातला एक मुलगा रोज त्या रांगेत असे. डेअरीला दूध घालून तीन किलोमीटर चालत यायचा, चपलांना शेण तसंच. आत संविधानाची उद्देशिका म्हटली जायची आणि तो गजांना धरून बाहेरून ओठ हलवायचा. हाही छळच आहे, असं मी स्टाफरूममध्ये म्हटलं. "बाई, शिस्त नको का?" पुढे कुणी बोललं नाही. मीही गप्प बसले, दोन वर्षं. त्या दोन वर्षांचं मला आजही वाईट वाटतं.

मग मी निदान माझ्या वर्गापुरतं बदलायचं ठरवलं. परिपाठानंतर मुली वर्ग झाडायच्या आणि मुलगे व्हॉलीबॉलची जाळी बांधायला पळायचे. मी पाळ्या लावल्या, झाडूलाही आणि जाळीलाही. एक पालक भांडायला आले. मुख्याध्यापक माझ्या बाजूनं बोलले नाहीत, पण पाळ्या बंद करा असंही म्हणाले नाहीत. तेवढी फट मला पुरली. त्याच वर्षी दूधवाल्या मुलांची हजेरी मी परिपाठानंतर घ्यायला लागले, आणि शिपाईकाका त्यांच्यासाठी फाटक उघडं ठेवू लागले.

आज माझ्या वर्गात मुलगे सवयीनं झाडू उचलतात. शेजारच्या तुकडीत अजून मुलीच झाडतात. मधल्या भिंतीतून दोन्ही झाडूंचा आवाज सारखाच येतो.